मोटरसायकलच्या मागे सामानाची पेटी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेटी घ्यायची ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती लिटरची घेऊ?" त्याच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा: ती पेटी बसणार कशावर? पेटी सहसा मोडत नाही. मोडतं ते तिच्या खालचं काहीतरी. कॅरिअरचं वेल्डिंग तडकतं, प्लेटचं भोक झिजून मोठं होतं किंवा एखादा बोल्ट हळूहळू सुटत जातो. म्हणून खालची बरीच उत्तरं पेटीपेक्षा तिच्या बैठकीबद्दल आहेत.

माझ्या गाडीला पेटी बसेल का?

मागच्या सीटमागे धातूचं कॅरिअर असेल किंवा ते लावायला फ्रेमवर आटे असलेली भोकं असतील, तर बसेल. सीटच्या बाजूची प्लॅस्टिकची झाकणं काढून बघा. ग्रॅब रेलचे (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीचे) बोल्ट थेट लोखंडी सबफ्रेममध्ये, म्हणजे सीटखालच्या सांगाड्यात, जात असतील, तर बहुतेक कॅरिअर त्याच भोकांचा आधार घेतात. ग्रॅब रेल नुसती प्लॅस्टिकची असेल तर तिच्यावर पेटी लटकवू नका. मागचा मडगार्ड आणि टेल लाइटचं कव्हर वजन पेलायला बनवलेलंच नसतं.

गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेलं कॅरिअर मिळत असेल तर तेच घ्या. सगळ्या गाड्यांना चालणारं म्हणून विकलं जाणारं कॅरिअर बसतं खरं, पण कुठेतरी पट्टी वाकवून, कुठेतरी भोक वाढवून. ती वाकवलेली जागाच पुढे तडकते.

कॅरिअर, प्लेट आणि पेटी हे तीन वेगळे भाग का असतात?

कॅरिअर गाडीच्या फ्रेमला कायमचं बोल्टने जोडलेलं असतं. त्यावर प्लेट बसते, तीही बोल्टने. पेटी मात्र प्लेटवर खाचेत सरकवून खटक्याने अडकवतात, म्हणजे किल्ली फिरवून ती काढता येते. स्वस्त पेट्यांमध्ये प्लेट नसते. पेटीच्या तळालाच भोकं पाडून ती कॅरिअरवर आवळतात. रोज एकाच कामासाठी, हलकं सामान न्यायचं असेल तर तेही चालतं. फक्त आतून मोठे वॉशर हवेत, नाहीतर बोल्टचं डोकं प्लॅस्टिकमधून आरपार निघतं.

किती वजन ठेवता येतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर एका आकड्यात नाही, तीन आकड्यांत आहे. कॅरिअरची क्षमता, प्लेटची क्षमता आणि पेटीची क्षमता. तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान, तो तुमचा.

कॅरिअरवर अनेकदा क्षमता कोरलेली असते. समजा तिथे ७ किलो लिहिलंय. मध्यम आकाराची रिकामी पेटी आणि प्लेट मिळूनच ४ किलोच्या आसपास जातात. उरले ३ किलो. म्हणजे एक हेल्मेट, एक रेनकोट आणि पाण्याची एक बाटली. पेटीवर १० किलो छापलंय म्हणून त्यात १० किलो भरले, तर कॅरिअरवर १४ येतात, त्याच्या क्षमतेच्या दुप्पट. आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यातून मागचं चाक उसळतं तेव्हा तेच सामान क्षणभर कितीतरी जास्त जोराने खाली आपटतं.

आता तरफेचा हिशोब. दोन्ही चाकांच्या आसांमध्ये १३० सेंमी अंतर आहे आणि पेटीचा मध्य मागच्या आसाच्या ४० सेंमी मागे येतो असं धरा. पेटी आणि सामान मिळून १० किलो. मागच्या चाकावर १० नाही, सुमारे १३ किलो वाढतात, कारण पुढचं चाक ३ किलोने हलकं होतं. पुढचं चाक हलकं झालं की हँडल पोकळ वाटतं, वळताना पुढची पकड कमी जाणवते. पेटी जितकी मागे, तितका हा परिणाम वाढतो.

शिवाय गाडीच्या माहितीपुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते. चालक, मागे बसणारी व्यक्ती, पेटी आणि सामान हे सगळं त्या एका आकड्यात बसायला हवं.

किती लिटरची घ्यावी?

पूर्ण तोंड झाकणारं एक हेल्मेट ठेवायला ३० लिटरच्या आसपासची पेटी लागते. दोन हेल्मेट ठेवायची तर ४५ लिटरच्या वर जावं लागतं. लिटरच्या आकड्यावर विसंबू नका, आपलं हेल्मेट घेऊन जा आणि झाकण लावून बघा. हेल्मेटच्या वरच्या हवेच्या झडपा झाकणाला टेकतात हे तेव्हाच कळतं.

माझं मत विचाराल तर लागते त्यापेक्षा एक माप मोठी पेटी घेऊ नका. रिकामी जागा भरायचा मोह होतो आणि वजनाची मर्यादा मात्र पेटी मोठी झाली म्हणून वाढत नाही.

प्लॅस्टिकची की ॲल्युमिनियमची?

रोजच्या वापराला प्लॅस्टिक. हलकी असते, थोडी दबून परत जागेवर येते. ॲल्युमिनियमची पेटी पडली तर चेपते, पण ठोकून सरळ करता येते आणि तिच्या चौकोनी आकारात सामान नीट बसतं. तिचं रिकामं वजन जास्त असतं, ते वरच्या हिशोबात धरा.

एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या प्लेटवर बसते का?

साधारणपणे नाही. एकाच कंपनीतही प्रकार असतात. उदाहरणार्थ, १९७८ साली इटलीत सुरू झालेल्या गिवी या कंपनीच्या मोनोकी आणि मोनोलॉक अशा दोन पद्धती आहेत. मोनोकी जड कामाची, मोनोलॉक हलक्या पेट्यांची; एकीची पेटी दुसरीच्या प्लेटवर बसत नाही. जुनी पेटी विकत घेताना तिच्यासोबत प्लेट, प्लेटचे क्लॅम्प आणि दोन्ही किल्ल्या आहेत का ते आधी बघा. पेटी बसते आहे असं वाटून ठोकून सरकवली, तर खटका अर्धाच लागतो. अर्धा लागलेला खटका हातात धरून हलवला तर टिकतो, पहिल्या मोठ्या गतिरोधकावर टिकत नाही.

हे काम घरी जमेल का? हत्यारं कोणती लागतात?

जमेल, आणि मी तर म्हणेन स्वतःच करा. कारण सांगतो. माझी पहिली पेटी मी एका गॅरेजमध्ये बसवून घेतली होती. कॅरिअर आणि प्लेट यांच्यात एका बाजूला बोटभर फट राहत होती. ती भरायला तिथे चार-चार वॉशर एकावर एक रचले आणि वरून लांब बोल्ट आवळला. दीडेक महिन्याने गाडी धुताना मला एका बोल्टभोवती काळसर पुडीचं वर्तुळ दिसलं. बोटाने पुसलं तर वंगणासारखं काळं लागलं. पाना लावला तर बोल्ट हाताने फिरत होता आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटमधलं गोल भोक घासून लांबट झालं होतं. ती पूड म्हणजे प्लेटच होती, रोज थोडी थोडी झिजलेली. प्लेट बदलावी लागली. फट भरायला एकच अखंड नळकांडं, म्हणजे स्पेसर, लावलं असतं तर हे झालं नसतं.

हत्यारं फार लागत नाहीत. १० आणि १२ किंवा १३ नंबरचा पाना, तेवढ्याच मापाचा टी-स्पॅनर, ५ आणि ६ मिमीची ॲलन की, एक स्क्रूड्रायव्हर आणि जमल्यास टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना. सुटे बोल्ट ठेवायला एक वाटी घ्या. सीटखाली पडलेला वॉशर शोधण्यात अर्धा तास जातो.

बसवण्याचा क्रम काय?

गाडी मेन स्टँडवर किंवा सपाट जमिनीवर उभी करा. ग्रॅब रेल काढताना कोणता बोल्ट कुठून निघाला त्याचा फोटो काढून ठेवा. पुढचे आणि मागचे बोल्ट अनेकदा वेगळ्या लांबीचे असतात.

कॅरिअर जागेवर धरून सगळे बोल्ट आधी नुसते हाताने चार-पाच आटे फिरवा. एकही आवळू नका. पहिला बोल्ट घट्ट करून मग बाकीचे बसवायला गेलं की शेवटचं भोक हमखास जुळत नाही, आणि मग माणूस बोल्ट तिरका घालून जोराने फिरवतो. फ्रेममधले आटे मेले की दुरुस्ती महागात पडते. बोल्ट हाताने सहज आत जात नसेल तर तो तिरका आहे. बाहेर काढा, उलटा फिरवत एकदा टिक असा आवाज येईपर्यंत न्या आणि मग सुलटा फिरवा.

सगळे बसले की समोरासमोरच्या कोपऱ्यांतले बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. मग गाडीच्या मागे चार पावलं जाऊन उकिडवं बसा आणि कॅरिअर सीटच्या रेषेत सरळ आहे का बघा. पुढे प्लेट बसवतानाही हाच क्रम.

नवे, लांब बोल्ट वापरत असाल तर ते दुसऱ्या बाजूने किती बाहेर येतात हे नक्की बघा. मडगार्डच्या आत निघालेलं बोल्टचं टोक गाडी दबल्यावर टायरला लागू शकतं, किंवा टेल लाइटची वायर घासत राहतं. उलट बोल्ट आखूडही नको. लोखंडात किमान बोल्टच्या जाडीइतके आटे गुंतायला हवेत, ॲल्युमिनियममध्ये त्याच्या दीडपट.

शेवटी पेटी अडकवा, दोन्ही हातांनी धरा आणि जोराने डावी-उजवीकडे हलवा. सगळी गाडी हलली पाहिजे. गाडी स्थिर आणि पेटी हलते असं झालं तर कुठेतरी ढिलं आहे.

बोल्ट किती घट्ट करायचे?

कॅरिअरसोबत आलेल्या कागदावर आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर, डोक्यावर ८.८ कोरलेला ६ मिमीचा लोखंडी बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) आणि ८ मिमीचा साधारण २५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल त्यांच्यासाठी अंदाज: पाना बोल्टपासून १० सेंमीवर धरून सुमारे १० किलोचा जोर दिला की १० न्यूटन-मीटर होतात. लांब पाना घेऊन सगळं अंग टाकलं तर ६ मिमीचा बोल्ट तुटतो आणि त्याचं धड फ्रेममध्ये अडकतं. प्लॅस्टिकच्या प्लेटवर याहून कमी जोर द्या. प्लॅस्टिक दबून पांढरं पडायला लागलं की थांबा.

बोल्ट सुटू नयेत म्हणून थ्रेडलॉक लावावं का?

लावावं, धातूत जाणाऱ्या बोल्टला. निळं, मध्यम ताकदीचं. आट्यांवरचं तेल आधी पुसून घ्या, एक-दोन थेंब पुरतात. लाल थ्रेडलॉक नको, ते सोडवायला बोल्ट गरम करावा लागतो आणि आजूबाजूला प्लॅस्टिक असतं.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. हे द्रव एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकवर सांडलं तर त्यात बारीक तडे जातात. लगेच नाही, काही दिवसांनी, आवळलेल्या बोल्टच्या भोवती केसासारखे. म्हणून प्लॅस्टिकच्या प्लेटजवळ थ्रेडलॉकऐवजी नायलॉनची कडी असलेला नट वापरा. असा नट वारंवार काढला-लावला की त्याची पकड जाते, तेव्हा नवा घ्या.

पेटी किती पुढे बसवावी?

मागे कोणी बसत असेल तर त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही इतकीच मागे, एक बोटही जास्त नाही. मागे बसणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून मग प्लेटची जागा नक्की करा. एकटेच फिरत असाल तर पेटी सीटच्या मागच्या कडेपर्यंत पुढे आणा. पेटी बसवल्यावर सीट उघडते का, झाकण पूर्ण उघडतं का, टेल लाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट मागून आणि बाजूने पूर्ण दिसतात का, हे आवळण्याआधी बघून घ्या.

मागे बसणाऱ्याने पेटीला टेकलं तर चालेल का?

पेटीला पाठीची गादी कंपनीने दिली असेल तर हलकंसं टेकायला हरकत नाही. पण ती गादी आधारासाठी आहे, धरून राहण्यासाठी नाही. ग्रॅब रेल काढून कॅरिअर बसवलं असेल तर धरायला दुसरं काहीतरी भक्कम असलंच पाहिजे. गाडी झटक्याने पुढे गेली की मागच्या माणसाचं वरचं सगळं वजन पेटीच्या खटक्यावर येतं. लहान मुलांना तर पेटीच्या भरवशावर कधीच बसवू नका.

वेगात गेल्यावर गाडी मागून डुलते. काय करू?

त्या क्षणी: ब्रेक जोरात दाबू नका, हँडल आवळून धरू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग किंचित पुढे झुकवा. वेग उतरला की डुलणं थांबतं.

नंतर कारण शोधा. बहुतेक वेळा वजन जास्त किंवा फार मागे असतं. टायरची हवा कमी असणं, घासलेला टायर, स्टीअरिंगचे किंवा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग ढिले असणं हेही बघा. पेटी नसताना लपलेला दोष पेटी बसवल्यावर उघडा पडतो. उंच आणि रुंद पेटीच्या मागे हवेचे भोवरे तयार होतात, त्यामुळे रिकाम्या पेटीनेही गाडी डुलू शकते. अनेक कंपन्या पेटीसह ताशी १२० किमीची वरची मर्यादा घालून देतात. ती उत्तम रस्त्यावरची, नव्या टायरची मर्यादा आहे. आडवा वारा असेल तर त्याच्या बऱ्याच खाली राहा.

टायरची हवा आणि शॉकॲब्सॉर्बर बदलावे लागतात का?

हो. माहितीपुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी हवेचे वेगळे आकडे असतात. पेटी भरलेली असेल तर दुसरा आकडा धरा. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, एक-दोन खाचांनी वाढवा. मागची बाजू दबली की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो, तोही खाली आणा.

पेटीत काय ठेवू नये?

पेट्रोलचा डबा अजिबात नाही. बंद पेटीत वाफ साठते, आणि पेट्रोल सांडलं तर प्लॅस्टिकही खराब होतं.

बाकी शत्रू एकच, सततचा कंप. गोळ्यांच्या पाकिटात गोळ्यांची भुकटी होते. स्टीलचा डबा पेटीच्या भिंतीला तासभर घासला की त्यावर राखाडी पट्टा उमटतो. फिरकीच्या झाकणाची बाटली आपोआप सैल होते. कॅमेरा किंवा लॅपटॉप न्यायचाच असेल तर जाड फोममध्ये गुंडाळून, कपड्यांच्या वर. चांगला कॅमेरा मी पाठीवरच्या पिशवीत ठेवतो, कारण अंग बराच कंप गिळतं.

जड वस्तू तळाला आणि सीटच्या बाजूला ठेवा, हलक्या वर आणि मागे. रिकामी जागा कपड्याने भरा. वळणावर आत सरकणारं सामान गाडीला उशिरा एक ढकल देतं, ती फार वाईट लागते.

पावसात पाणी आत येतं का?

रबरी पट्टी चांगली असेल तर वरून पडणारं पाणी येत नाही. पट्टीत अडकलेली माती ओल्या फडक्याने पुसत जा, त्यातूनच पाणी झिरपतं. दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुताना नळी थेट पट्टीवर आणि किल्लीच्या भोकावर धरू नका. भिजून चालणार नाही असं काहीही असेल तर ते तरीही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

पेटीवर ब्रेक लाइट लावायचा आहे. वायर कुठून घ्यायची?

टेल लाइटच्या ब्रेकच्या वायरीतून. एलईडी असेल तर भार फार थोडा पडतो. जोड डाग देऊन (सोल्डर करून) करा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसती पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली जोडणी पहिल्या पावसात हिरवी पडते. पेटी काढायची असते म्हणून मध्ये खुंटीचा कनेक्टर द्या, आणि वायरीला थोडी सैल वेटोळी ठेवा.

किल्लीबद्दल काही लक्षात ठेवायचं?

किल्लीवर नंबर असतो. तो दोन ठिकाणी लिहून ठेवा आणि दुसरी किल्ली पेटीत ठेवू नका. कुलूप जड झालं तर तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड वापरा, तेलाला धूळ चिकटते. पेटीचं कुलूप घाईत हात घालणाऱ्याला अडवण्यापुरतं असतं. महत्त्वाचे कागद आणि पैसे गाडीबरोबर उभे ठेवू नका.

गाडीवर चढताना पाय पेटीला अडकतो.

सवय बदलावी लागते. पाय मागून उंच फिरवण्याऐवजी गुडघा पोटाशी घेऊन सीटच्या पुढच्या भागावरून पलीकडे न्या. उंची कमी असेल तर डाव्या पायदानावर उभं राहून चढता येतं, पण साइड स्टँडच्या खाली जमीन घट्ट आहे याची खात्री करून, आणि तेही भरलेल्या गाडीवर शक्यतो टाळा. पेटी भरायची ती गाडी उभी केल्यावर आणि रिकामी करायची ती स्टँडवरून काढण्याआधी. मेन स्टँडवर मागे वजन पडलं की पुढचं चाक उचलतं, त्याची आधी कल्पना असलेली बरी.

बसवल्यानंतर किती दिवसांनी तपासायचं?

पहिल्या ५० किमीनंतर एकदा, कारण नवे बोल्ट आणि रबर या काळात थोडे बसतात. मग ५०० किमीवर, मग महिन्याला एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी. प्रत्येक बोल्ट आणि त्याच्या खालचा भाग यांवर रंगाची एक सलग रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरलाय. पाना न लावता दोन मिनिटांत कळतं.

वेल्डिंगच्या जागी रंगाला बारीक रेघ पडली आहे का, तिच्यातून तांबूस गंज उतरतोय का, हे टॉर्च लावून बघा. तडा दिसला तर त्याच दिवशी पेटी काढून ठेवा. आणि निघताना, प्रत्येक वेळी, झाकण बंद केल्यावर तळहाताने वर ओढून बघा. खटका लागल्याचा आवाज रस्त्याच्या गोंगाटात फसवतो, हात फसवत नाही.